सोटोमायोर, न्यू हेवनची बढतीची परीक्षा आणि एका परिच्छेदाचा निकाल

आमच्याकडे आरक्षणाचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अमेरिकेत बघा, तिकडे फक्त मेरिट चालतं." हे खरं नाही, आणि का खरं नाही ते कळायला अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या जज सोनिया सोटोमायोर यांच्या नेमणुकीचं प्रकरण नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. मी हे सगळं गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वाचतेय, निकालपत्रं, सिनेटमधली (अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह, जजच्या नेमणुकीला त्याची मंजुरी लागते) प्रश्नोत्तरं, आणि दर वेळी माझं मत थोडं थोडं सरकतं. आज ते जिथे येऊन थांबलंय ते सांगते.

आधी एक गोष्ट, कारण गोंधळ इथेच होतो. अमेरिकेतलं अफर्मेटिव्ह अॅक्शन, म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्या गटांना संधी मिळावी म्हणून वंशाचा विचार करणं, हे आपलं आरक्षण नव्हे. कॉलेज प्रवेशात ठराविक जागा वंशानुसार बाजूला काढून ठेवणं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच बॅकी केसमध्ये बेकायदा ठरवलं, त्यानंतर उरलं ते एवढंच की प्रवेश देताना इतर दहा गोष्टींबरोबर वंश ही पण एक गोष्ट बघता येईल. नोकरीचा कायदा आणखी वेगळा. १९६४ चा सिव्हिल राइट्स अॅक्ट, त्यातला टायटल सेव्हन नावाचा भाग. त्यात भेदभाव दोन प्रकारचा धरतात. एक म्हणजे जाणूनबुजून केलेला, तू काळा आहेस म्हणून तुला घेत नाही, हा सरळ. दुसरा म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच, कोणाचं नाव घेतलेलं नाही, पण त्याचा फटका एकाच गटाला बसतो आणि त्या नियमाचा कामाशी संबंध दाखवता येत नाही. हा दुसरा प्रकार १९७१ च्या ग्रिग्ज केसमधून आला. त्यात एका वीज कंपनीने चांगल्या कामांसाठी हायस्कूलचं सर्टिफिकेट आणि छापील चाचण्या लावल्या होत्या, कामाला त्यांचा उपयोग नव्हता, काळे कामगार मात्र बाहेर राहात होते. १९९१ मध्ये अमेरिकन संसदेने ही गोष्ट कायद्यातच लिहून टाकली.

आता हे दोन प्रकार एकमेकांवर आदळले तर काय, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा भेदभाव टाळायला जाताना हातून पहिल्या प्रकारचा झाला तर? न्यू हेवनमध्ये नेमकं हेच झालं.

परीक्षा

न्यू हेवन हे कनेक्टिकट राज्यातलं शहर, येल विद्यापीठाचं गाव. २००३ च्या शेवटी तिथल्या फायर ब्रिगेडमध्ये लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांच्या बढतीसाठी परीक्षा झाली, ११८ जण बसले. परीक्षा बनवायला इलिनॉयमधल्या एका कंपनीला १ लाख डॉलर दिले होते. लेखी शंभर प्रश्नांची, पर्याय निवडायचे, आणि मग तोंडी. लेखीला ६० टक्के वजन, तोंडीला ४०. हे ६०-४० कुठून आलं तर कामगार संघटनेबरोबरच्या वीसेक वर्षं जुन्या करारातून, आगीच्या वेळी माणसांची तुकडी सांभाळण्याचं काम मोजायला हेच प्रमाण बरोबर आहे का हे शहराने मुळात कधी विचारलंच नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागेल.

लेफ्टनंटसाठी ७७ उमेदवार. ४३ गोरे, १९ काळे, १५ हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाचे). पास झाले २५ गोरे, ६ काळे, ३ हिस्पॅनिक. जागा ८, आणि शहराचा नियम असा की प्रत्येक जागेला वरच्या तिघांतूनच माणूस निवडायचा, त्यामुळे ८ जागांसाठी यादीतले पहिले १० जणच विचारात येणार, ते दहाच्या दहा गोरे. कॅप्टनसाठी ४१ जण बसले, जागा ७, विचारात येणारे पहिले ९, त्यात ७ गोरे आणि २ हिस्पॅनिक. म्हणजे दोन्ही याद्या मिळून एकही काळा माणूस बढतीच्या जवळपास नाही. सरकारी मोजपट्टी अशी की एखाद्या गटाचं पास होण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या गटाच्या ८० टक्क्यांपेक्षा खाली गेलं की धोक्याची घंटा समजायची. इथे लेफ्टनंटच्या परीक्षेत गोरे ५८ टक्के पास आणि काळे ३१.६ टक्के, ८० कुठलं, निम्म्याच्या थोडं वर.

आणि हे शहर कसं होतं? लोकसंख्येत जवळजवळ ४० टक्के काळे, २० टक्क्यांहून जास्त हिस्पॅनिक. फायर ब्रिगेडमध्ये २१ कॅप्टनपैकी काळा कॅप्टन एक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर ५०२ फायरमनपैकी काळे आणि हिस्पॅनिक मिळून ३.६ टक्के होते, कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठे खालच्या पदांवर भरती सुरू झाली.

निकाल आल्यावर शहर हादरलं. यादी मंजूर करायची की नाही हे ठरवणाऱ्या सिव्हिल सर्व्हिस बोर्डापुढे २००४ च्या जानेवारी ते मार्च अशा पाच सुनावण्या झाल्या, गोरे फायरमन येऊन म्हणाले आम्ही मेहनत केली ती फुकट घालवू नका, काळे फायरमन म्हणाले ही परीक्षा आमचं काम मोजतच नाही. यातलं एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. अभ्यासाच्या पुस्तकांचा खर्च ५०० डॉलरच्या आसपास, काहींना पुस्तकं मिळायला दीड महिना लागला, आणि गोऱ्या उमेदवारांपैकी अनेकांच्या घरातच कोणीतरी फायर ब्रिगेडमध्ये होतं, त्यांच्याकडून पुस्तकं पण मिळाली आणि मार्गदर्शन पण. काळे उमेदवार बहुतेक घरातले पहिलेच फायरमन. आपल्याकडे ज्याच्या घरात आधीच एक क्लास वन अधिकारी आहे आणि जो घरातला पहिलाच फॉर्म भरतोय, त्या दोघांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

१८ मार्च २००४. बोर्डाचे पाच सदस्य, एक बाजूला झाला, मतं पडली दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे यादी मंजूर नाही. कोणालाच बढती नाही.

रिची

१८ जण कोर्टात गेले, १७ गोरे आणि १ हिस्पॅनिक. पहिलं नाव फ्रँक रिची, म्हणून केसचं नाव रिची विरुद्ध डीस्टेफानो, डीस्टेफानो तेव्हाचे महापौर. रिचीला डिस्लेक्सिया आहे. छापलेलं वाचायला त्रास होतो म्हणून त्याने १००० डॉलरच्या वर खर्च करून पुस्तकं घेतली, शेजाऱ्याला पैसे देऊन ती टेपवर वाचून घेतली आणि दिवसाचे ८ ते १३ तास ती ऐकत बसला. बेन व्हार्गस हा त्यांच्यातला एकटा हिस्पॅनिक, त्याने हातातली अर्धवेळ नोकरी सोडली आणि त्याच्या बायकोने तिच्या नोकरीतून रजा घेतली, का तर तीन लहान मुलं कोणीतरी सांभाळायला हवीत ना.

मी आरक्षणाच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण माझ्या मावसबहिणीने खात्याच्या परीक्षेसाठी सगळे शासन निर्णय स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले होते आणि एसटीने जाता-येता ती कानाला इयरफोन लावून तेच ऐकायची, वर्षभर, गाणं नाही की काही नाही. रिचीच्या टेप्सबद्दल वाचलं तेव्हा मला तीच दिसली. अशा माणसाला निकाल लागल्यानंतर सांगायचं की परीक्षाच धरली जाणार नाही, तर त्याला का ते सांगायला नको का, तेही त्याच्या तोंडावर, नीट, पूर्ण? इथून पुढची माझी सगळी तक्रार या एकाच गोष्टीची आहे.

एक परिच्छेद

खालच्या कोर्टात जज जॅनेट बाँड आर्टर्टन यांनी २००६ मध्ये खटला पूर्ण न चालवताच शहराच्या बाजूने निकाल दिला, पण निदान सविस्तर लिहून दिला. अपील गेलं सेकंड सर्किटकडे, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालच्या अपील कोर्टाकडे, तिथे तीन जजेस, पूलर, सॅक आणि सोटोमायोर. युक्तिवाद झाला डिसेंबर २००७ मध्ये. त्या दिवशी सोटोमायोर यांनी फायरमनच्या वकिलांना जे विचारलं ते रेकॉर्डवर आहे. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की पात्रता नसलेल्यांना घ्या असं कोणीच म्हणत नाही, शहरही म्हणत नाही, पण तुमची परीक्षा एका गटाला कायमच तळाला टाकणार असेल म्हणजे त्यांना कधीच बढती मिळणार नसेल, आणि ज्ञान जास्त खोलात जाऊन मोजणारी दुसरी न्याय्य परीक्षा करता येत असेल, तर ती करून बघायची संधी शहराला का नसावी?

हा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. अफर्मेटिव्ह अॅक्शनबद्दल या बाईंचं मत काय हे सगळा देश पुढे दोन महिने शोधत होता, ते इथे आहे, दीड वर्ष आधी, एका वाक्यात. जागा राखा असं त्या म्हणत नाहीत, मार्क वाढवून द्या असंही म्हणत नाहीत, त्या म्हणतायत की परीक्षा काय मोजते ते आधी तपासा.

आणि मग निकालात काय आलं? फेब्रुवारी २००८ मध्ये आधी एक छोटासा आदेश, मग ९ जूनला त्याच्या जागी एक परिच्छेद, खाली कोणाचंही नाव नाही, तिघांचा मिळून. त्यात एवढंच, की खालच्या कोर्टाचा निकाल विचारपूर्वक आणि नीट कारणं देऊन लिहिलेला आहे, आम्ही तो कायम करतो, बोर्डापुढे चांगला पर्यायच नव्हता, वादींच्या निराशेबद्दल आम्हाला सहानुभूती नाही असं नाही, रिची यांना डिस्लेक्सिया असून त्यांनी खूप कष्ट केले, पण त्यावरून त्यांचा दावा उभा राहात नाही, कारण बोर्ड फक्त कायदा पाळायचा प्रयत्न करत होतं. संपलं.

६०-४० वर शब्द नाही. युक्तिवादात विचारलेला तो प्रश्न नाही. कायद्याचे दोन भाग एकमेकांवर आदळतायत, मग कोणता वरचढ आणि का, हेही नाही. तीनच दिवसांनी, त्या अपील कोर्टातल्या सगळ्या जजेसनी मिळून केस पुन्हा ऐकावी ही मागणी ७ विरुद्ध ६ ने फेटाळली गेली, आणि त्या सहांच्या वतीने होजे कॅब्रानेस यांनी खरमरीत लिहिलं, की इतक्या महत्त्वाच्या प्रश्नांना कोर्टाने हातच घातला नाही. कॅब्रानेस कोण, तर तेही पोर्तो रिकन मुळाचे, येलमध्ये सोटोमायोर यांना हात देणारे त्यांचे जुने मार्गदर्शक. त्यामुळे ही गोऱ्या जजांची तक्रार होती असं म्हणायची सोय नाही.

माझं मत विचाराल तर शहराची बाजू टिकण्यासारखी होती, आणि म्हणूनच तो परिच्छेद मला जास्त लागतो. बाजू लंगडी असती आणि जजांनी थोडक्यात आवरलं असतं तर समजू शकते. इथे सांगण्यासारखं भरपूर होतं, जे सांगितलं असतं तर रिचीला पटलं नसतं कदाचित, पण आपलं म्हणणं ऐकून मग नाकारलंय एवढं तरी त्याला कळलं असतं.

नेमणूक

१ मे २००९ ला सुप्रीम कोर्टाचे जस्टिस सूटर यांनी निवृत्ती जाहीर केली. २६ मे ला ओबामांनी सोटोमायोर यांचं नाव दिलं. तोपर्यंत रिची केस सुप्रीम कोर्टात ऐकून झालेली, निकाल यायचा बाकी, आणि ज्यांच्या जागी त्या जाणार ते सूटरच त्या निकालात मत देणार. असा योग सहसा येत नाही, उमेदवाराचा निकाल तिच्या नेमणुकीच्या ऐन मधोमध वरच्या कोर्टात तपासला जातोय.

बाईंचं आयुष्य थोडक्यात. जन्म १९५४, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, आईवडील पोर्तो रिकोहून आलेले, घर सरकारी वसाहतीत, लहानपणीच मधुमेह, नऊ वर्षांची असताना वडील गेले, आई नर्स. १९७६ मध्ये प्रिन्स्टनमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा तिथला सगळ्यात मोठा मान असलेलं पाइन प्राइझ, १९७९ मध्ये येलची कायद्याची पदवी. पुढे १९८० ते १९९२ पोर्तो रिकन लोकांसाठी कायदेशीर लढाया लढणाऱ्या एका संस्थेच्या बोर्डावर, आणि ही संस्था न्यूयॉर्कमध्ये नोकरीच्या आणि बढतीच्या परीक्षांवरच केसेस करायची. म्हणजे न्यू हेवनची फाइल समोर आली तेव्हा हा विषय त्यांना नवा नव्हता.

विरोधकांनी तीन गोष्टी उचलल्या. एक ही संस्था. दुसरी नव्वदच्या दशकातली एक व्हिडिओ टेप, ज्यात त्या स्वतःला अफर्मेटिव्ह अॅक्शनचं अपत्य म्हणतात, आपले चाचणीचे मार्क प्रिन्स्टन आणि येलमधल्या बरोबरीच्या मुलांइतके नव्हते असं उघड सांगतात आणि त्या चाचण्यांमध्येच सांस्कृतिक झुकाव असतो असंही म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे २००१ चं बर्कलीचं भाषण, त्यातलं ते वाक्य, की अनुभवाने समृद्ध अशी एक शहाणी लॅटिना (लॅटिन अमेरिकी मुळाची) बाई, तसं आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा बहुतेक वेळा जास्त चांगल्या निर्णयाला पोचेल अशी मला आशा वाटते.

टेपबद्दल मला एकच म्हणायचंय. ज्या मुलीचे प्रवेशाच्या वेळी मार्क कमी होते तीच पुढे तिथून सर्वोच्च श्रेणीत बाहेर पडली, म्हणजे प्रवेशाच्या त्या चाचणीला तिच्यातलं काहीतरी दिसलंच नव्हतं. परीक्षा काय मोजते हा प्रश्न तिने पुस्तकातून उचललेला नाही, तो तिच्या स्वतःच्या मार्कशीटवर होता. सवलत घेऊन आलेल्या माणसाने आयुष्यभर मान खाली घालून राहावं अशी जी अपेक्षा असते, तिकडेही आणि आपल्याकडेही, ती या बाईंनी पाळली नाही याचं मला फार बरं वाटतं.

आणि जज म्हणून त्या पक्षपाती होत्या का? तर पप्पास केसमध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या एका कर्मचाऱ्याने निनावी वंशद्वेषी पत्रकं पाठवली म्हणून त्याला काढलं होतं, दोन जजेस म्हणाले काढलं ते बरोबर, आणि सोटोमायोर यांनी २००२ मध्ये एकटीने वेगळं मत लिहिलं की पत्रकं किळसवाणी आहेत पण त्याचं बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. हे मत त्यांना सोयीचं अजिबात नव्हतं.

सुनावणी

त्याआधी रिची केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. २९ जून २००९, ५ विरुद्ध ४. जस्टिस केनेडींनी लिहिलं, की खटल्याच्या नुसत्या भीतीने शहर निकाल फेकून देऊ शकत नाही, परीक्षेमुळे आपण कायद्याच्या कचाट्यात सापडू असं मानायला भक्कम पुरावा हवा, आणि तो इथे नाही. गिन्सबर्ग यांनी चौघांच्या वतीने विरोधी मत लिहिलं. गोऱ्या फायरमनबद्दल सहानुभूती वाटणं साहजिक आहे, पण बढतीवर त्यांचा पक्का हक्क नव्हता, असं म्हणून त्यांनी सविस्तर दाखवलं की ६०-४० कसं आलं, शेजारच्या ब्रिजपोर्ट शहराने तोंडीचं वजन वाढवल्यावर काय बदललं. मी ते वाचताना सारखं म्हणत होते की हे, हेच सगळं त्या एका परिच्छेदाच्या जागी यायला हवं होतं. जस्टिस अलीटोंनी सहानुभूतीच्या मुद्द्यावर उलट लिहिलं, की यांनी सहानुभूती मागितलीच नव्हती, कायदा सगळ्यांना सारखा लावा एवढंच मागितलं होतं. हे वाक्यही मला खोडता येत नाही.

मग १३ जुलैपासून चार दिवस सिनेटच्या न्यायसमितीपुढे सुनावणी. अध्यक्ष पॅट्रिक लेही, विरोधी बाजूचे प्रमुख जेफ सेशन्स. सोटोमायोर यांचा घोटा महिनाभरापूर्वी विमानतळावर मोडलेला. पहिल्याच दिवशी रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम म्हणाले की तुम्ही स्वतःहून पूर्ण कोसळला नाहीत तर तुमची नेमणूक होणार, म्हणजे निकाल सगळ्यांना माहीत होता, प्रश्न उरला तो फक्त बाई बोलणार किती.

त्या फार कमी बोलल्या. लॅटिनाच्या वाक्यावर म्हणाल्या की ती शब्दांची फेक होती, ती फसली. रिचीवर म्हणाल्या की आमच्यावर आधीच्या निकालांचं बंधन होतं, आम्ही ते लावलं. कायलसारखे सिनेटर विचारत राहिले की कोणते आधीचे निकाल, दाखवा, आणि उत्तर फिरून तिथेच यायचं. अफर्मेटिव्ह अॅक्शनबद्दल सिनेटर हर्ब कोल यांनी सरळ विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की समान संरक्षण देण्यासाठी काही परिस्थितीत वंशाचा विचार करावा लागतो हे कोर्टांनी मानलंय, आणि जस्टिस ओकॉनर यांनी २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रवेशाच्या केसमध्ये म्हटलं तशी माझीही ठाम आशा आहे की २५ वर्षांनी याची गरज उरणार नाही.

हे ऐकून राग येतो का? मला आधी यायचा. आता तितका येत नाही, कारण सुनावणीची रचनाच अशी झालीय की खरं मत सांगितलं की सिनेटरांची मतं हातची जातात, आणि तिथे बसलेला प्रत्येक उमेदवार, दोन्ही पक्षांचा, हेच करतो. आपल्याकडे तर कॉलेजियमची, म्हणजे ज्येष्ठ जजांच्या मंडळाची, शिफारस होते, उमेदवाराला जाहीर प्रश्न कोणी विचारतच नाही, पण मत आडवं येतं ते येतंच. मुंबई हायकोर्टासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव गेलं तेव्हा त्यांनी सोशल मीडियावर मांडलेल्या मतांमुळे केंद्राने आक्षेप घेतला, जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने ते नाव पुन्हा पाठवलं आणि मत असणं म्हणजे अपात्र ठरणं नव्हे अशी भूमिका घेतली, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमणूक झाली. म्हणजे तिकडे मत उघड्यावर विचारतात आणि उमेदवार झाकतो, इकडे विचारत नाहीत पण नोंद ठेवतात.

शेवटच्या दिवशी, १६ जुलैला, रिची आणि व्हार्गस स्वतः साक्षीला आले. पाच वर्षांत त्यांना एवढा वेळ कोणी सलग ऐकलं नव्हतं. आणि माझ्या मते त्या चार दिवसांत चुकलेला प्रश्न हा, की ६०-४० बद्दल, परीक्षा काय मोजते याबद्दल, बाई बोलू शकतील असं नेमकं कोणी विचारलंच नाही. रिपब्लिकन सिनेटरांना वंशद्वेष सिद्ध करायचा होता आणि डेमोक्रॅट सिनेटरांना नेमणूक पार पाडायची होती.

२८ जुलैला समितीत १३ विरुद्ध ६, ग्रॅहम यांनी विरोधी पक्षाचे असून बाजूने मत दिलं. ६ ऑगस्टला सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३१. सुप्रीम कोर्टावरच्या पहिल्या हिस्पॅनिक जज.

नंतर

तहहयात नेमणूक झाल्यावर बाईंनी लिहायला सुरुवात केली. एप्रिल २०१४ मध्ये मिशिगन राज्याने मतदान घेऊन सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर घातलेली बंदी कोर्टाने कायम ठेवली, तेव्हा त्यांनी ५८ पानांचं विरोधी मत लिहिलं आणि कोर्टात वाचून दाखवलं. वंशावरचा भेदभाव थांबवायचा तर वंशाबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, असा त्याचा गाभा. एक परिच्छेद आणि ५८ पानं, माणूस तोच. आणि २९ जून २०२३ ला, रिचीच्या निकालाला बरोबर १४ वर्षं झाली त्याच तारखेला, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या केसेसमध्ये कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार जवळजवळ संपवला. ओकॉनर यांची २५ वर्षं २०२८ ला भरणार होती, कोर्ट २० व्या वर्षीच थांबलं. त्या दिवशीही सोटोमायोर यांनी विरोधी मत वाचून दाखवलं.

न्यू हेवनचा धागा आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंतही येतो, वेगळ्या वाटेने. मार्च २०२१ मध्ये सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा केसमध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे काय हे मांडताना ग्रिग्जचा आधार घेतला, नियम दिसायला सारखा पण फटका कोणाला बसतो ते बघा, हा तोच विचार. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मेडिकलच्या ओबीसी जागांच्या निकालात त्यांनीच लिहिलं की खुल्या परीक्षेतले मार्क म्हणजेच गुणवत्ता असं धरता येणार नाही. सोटोमायोर यांनी डिसेंबर २००७ मध्ये विचारलेल्या प्रश्नाच्या हे फार जवळ आहे, फरक एवढाच की इथे ते कारणांसकट निकालात लिहिलेलं आहे. पटो न पटो, वाचणाऱ्याला भांडायला काहीतरी हातात मिळतं.

एक माणूस राहिला. मायकेल ब्रिस्को, काळा फायरमन, त्याच २००३ च्या लेफ्टनंटच्या परीक्षेला बसलेला. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जुनी यादी मंजूर झाली, रिची आणि इतरांना बढत्या मिळाल्या, २०११ मध्ये शहराने त्यांच्याशी पैशांची तडजोडही केली. ब्रिस्को त्या यादीत २४ वा होता. तोंडी परीक्षेत, जिथे समोर बसलेले अधिकारी आगीचे प्रसंग सांगतात आणि तू काय करशील, कोणाला कुठे पाठवशील हे विचारतात, तिथे ७७ जणांत त्याचे मार्क सगळ्यात जास्त होते, पण लेखीचं वजन ६० म्हणून तो खाली गेला. त्याने २००९ मध्ये केस टाकली, मुद्दा फक्त ६०-४० चा. शहराचं म्हणणं असं की रिचीमध्ये सगळं ठरलंय, आता काही नाही. ऑगस्ट २०११ मध्ये सेकंड सर्किटने, जिथून तो एक परिच्छेद निघाला होता त्याच कोर्टाने, सविस्तर निकालपत्र लिहून सांगितलं की नाही, ब्रिस्कोचा प्रश्न अजून कोणी ऐकलेलाच नाही, त्याची केस चालू द्या.